इंद्रायणीकाठचे दोन वाटसरू

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पावसाळ्यातला कुठलाही रविवार घ्या. सकाळी आठ वाजल्यापासून लोणावळ्याच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागलेली असते. भुशी धरणाच्या पायऱ्यांवरून वाहणाऱ्या पाण्यात बसायचे, भाजलेले कणीस खायचे, धुक्यात फोटो काढायचे आणि संध्याकाळी चिक्कीचे पुडे घेऊन परत फिरायचे, असा त्या मंडळींचा बेत असतो. त्याच दिवशी, त्याच वेळी आळंदीत दर्शनबारी महाद्वाराच्या बाहेर आलेली असते. कुणी लातूरकडून आलेले असते, कुणी जालन्याहून, तर कुणी जवळच्याच भोसरीतून. समाधीवर डोके टेकवायचे, अजानवृक्षाला प्रदक्षिणा घालायची, तुळशीची माळ विकत घ्यायची आणि गाडी पकडायची.

या दोन गर्द्यांना एकमेकींचा पत्ता नसतो. पण दोन्ही गर्द्या एकाच नदीच्या काठी उभ्या असतात. भुशीच्या पायऱ्यांवरून खळाळणारे पाणी इंद्रायणीच्याच उगमाकडचे आणि आळंदीच्या घाटाला लागणारे पाणीही तिचेच. आपल्या माहितीपत्रकांत मात्र लोणावळा येतो ‘थंड हवेची ठिकाणे’ या मथळ्याखाली आणि आळंदी ‘तीर्थक्षेत्रे’ या मथळ्याखाली. मधली नदी कुठल्याच मथळ्याखाली येत नाही. मला आज या मधल्या नदीविषयी बोलायचे आहे. निसर्ग पाहायला येणारा आणि वारसा पाहायला येणारा, असे दोन वाटसरू आपण वेगळे काढले. ही वाटणी या खोऱ्याच्या इतिहासाला धरून नाही आणि तिची किंमत नदी मोजते आहे, असे माझे म्हणणे आहे.

इंद्रायणी काही फार मोठी नदी नव्हे. लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या डोंगरात तिचा उगम. तिथून कार्ल्याच्या पायथ्याने, कामशेत, तळेगाव, देहू, मोशी, आळंदी असे करत ती तुळापूरला भीमेला मिळते. सारा प्रवास सुमारे शंभर किलोमीटरचा. दक्षिणेला लोहगड आणि विसापूर. लोहगडाची रांग म्हणजे इंद्रायणी आणि पवना या दोन नद्यांमधला बांध. महाराष्ट्राच्या ज्या किल्ल्यांना जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यांत लोहगड आहे. मावळातल्या भातखाचरांना पाणी याच खोऱ्याचे. वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने १९८७ साली भाताचे एक सुवासिक वाण दिले, त्याला नावही ‘इंद्रायणी’ मिळाले. पुण्यामुंबईच्या कित्येक घरांत आज नदीचे नाव घेतले जाते ते कुकर लावताना.

या वाटेने माणसे कधीपासून येतात? किमान दोन हजार वर्षांपासून. कोकणातल्या बंदरांतून माल बोरघाट चढून वर आला की पहिला निवारा लागे तो भाजे आणि कार्ले इथल्या लेण्यांचा. भाज्याचे चैत्यगृह इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातले. तिथल्या एका शिल्पात एक बाई तबल्यासारखी जोडवाद्ये वाजवते आहे आणि शेजारी दुसरी नाचते आहे. तबल्याचा जन्म कधी झाला यावर वाद घालणाऱ्यांनी एकदा तरी तिच्यासमोर जाऊन उभे राहावे. कार्ल्याचे चैत्यगृह त्यानंतरचे, सुमारे पंचेचाळीस मीटर खोल. छताला लाकडी कमानी आहेत आणि त्या मूळच्याच आहेत. दोन हजार पावसाळे बाहेर कोसळले, तरी आतले सागवान टिकून आहे.

पण मला कार्ल्यात सर्वांत जास्त ओढ आहे ती भिंतींवरच्या आणि खांबांवरच्या लेखांची. हे लेख राजांचे कमी आणि येणाऱ्याजाणाऱ्यांचे जास्त आहेत. वैजयंतीचा, म्हणजे कर्नाटकातल्या बनवासीचा, भूतपाल नावाचा श्रेष्ठी सांगतो की हे शिलागृह त्याने पुरे केले आणि साऱ्या जंबुद्वीपात ते उत्तम आहे. धेनुकाकट नावाच्या गावच्या लोकांनी एकेक खांब दिला, त्यांत काही जण स्वतःला ‘यवन’ म्हणवतात. एका सुताराचे नाव आहे. आणि दर्शनी भागातल्या एका लेखात दाराचे दान देणारा माणूस आहे धेनुकाकटचाच सिंहदत्त, धंद्याने गंधिक. गंधिक म्हणजे सुगंधी द्रव्ये विकणारा.

हे मी मुद्दाम सांगतो, कारण आमचे घराणे आतारांचे. अत्तर, उदबत्ती, बुक्का, कुंकू, अष्टगंध यांचा व्यापार. महाराष्ट्रातल्या बहुतेक यात्रांमध्ये बुक्क्याचा ढीग मांडून बसलेला माणूस पाहा, पुष्कळदा तो आतार निघेल. वारकऱ्याच्या कपाळी जो काळा टिळा लागतो, तो आमच्या तराजूतून गेलेला असतो आणि यात दोघांनाही कधी काही वेगळे वाटले नाही. अब्बा कार्तिकी यात्रेला आळंदीत दुकान मांडत. दुपारी गिऱ्हाईक कमी झाले की मला घाटावर पिटाळत, घागर भरून आणायला. ते पाणी आम्ही प्यायचो. हे सत्तरच्या दशकाच्या अखेरचे सांगतो, फार जुने नाही. त्यामुळे कार्ल्याच्या लेखातला तो गंधिक मला फार दूरचा वाटत नाही. तोही या वाटेवरचा वाटसरूच. धंदा करत आला, जागा आवडली, देवाच्या घराला दार देऊन गेला.

लेण्यातून खाली उतरून नदीच्या कडेने पूर्वेला निघालो की पुढचा पडाव देहूच्या भोवतालच्या तीन डोंगरांचा: घोराडेश्वर, भंडारा आणि भामचंद्र. तुकोबा एकांतासाठी या डोंगरांवर जात. एवढे बहुतेकांना ठाऊक असते. पण या डोंगरांवर त्यांना बसायला जागा कुणी करून ठेवली होती? घोराडेश्वरची लेणी मूळची बौद्ध, पुढे तिथे महादेवाची स्थापना झाली. भंडाऱ्यावरही जुन्या लेण्यांच्या खुणा आहेत. म्हणजे भिक्खूंनी पावसाळ्यासाठी कोरलेल्या खोल्यांत दीड हजार वर्षांनंतर मराठीतला सर्वांत मोठा कवी येऊन बसला. समोर इंद्रायणीचे खोरे, वर मावळचे आभाळ. कवी म्हणून सांगतो, कविता अशा जागी सुचते यात नवल नाही. नवल हे की आज आपण ती जागा आणि ती कविता अशी दोन वेगवेगळ्या खात्यांत जमा केली आहे.

देहूहून तुकोबांची पालखी निघते तेव्हा तिची पहिली अभंग-आरती होते ती अनगडशाहबाबांच्या दर्ग्यापाशी. अनगडशाह हे फकीर. तुकोबांचा आणि त्यांचा स्नेह लोकांनी साडेतीनशे वर्षे असा जपला आहे. याबद्दल भाषणे करायची गरज कुणाला वाटत नाही. पालखी थांबते, आरती होते, पालखी पुढे जाते.

मग आळंदी. ज्ञानदेवांनी १२९६ मध्ये इथे समाधी घेतली, पण गाव त्याहून जुने. सिद्धेश्वराचे देऊळ आधीपासून होते. समाधी त्याच्याच आवारात आहे. नदीकाठचे सिद्धबेट म्हणजे विठ्ठलपंतांच्या वाळीत टाकलेल्या कुटुंबाची राहण्याची जागा. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई ही चार मुले गावाबाहेर, नदीच्या कुशीत वाढली. माणसांनी टाकले आणि नदीने ठेवून घेतले. आज दर्शनबारीतली किती माणसे सिद्धबेटापर्यंत जातात? फार थोडी. समाधीनंतरच्या काळात ही जागा झाडोऱ्यात हरवली होती आणि सोळाव्या शतकात एकनाथांनी येऊन अजानवृक्षाची मुळी दूर करून समाधी मोकळी केली, असे परंपरा सांगते. ज्ञानेश्वरीची प्रत एकनाथांनी शुद्ध केली ती १५८४ मध्ये. म्हणजे आळंदीचा पहिला जीर्णोद्धार झाडीतून वाट काढून झाला आणि दुसरा पोथीच्या पानापानांतून.

वारीला आज आपण पाहतो तो आकार बराच अलीकडे आला. तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ मध्ये पालखीची प्रथा सुरू केली. त्या वेळी दोन्ही संतांच्या पादुका एकत्र जात. ज्ञानोबांची पालखी स्वतंत्र केली ती हैबतबाबा आरफळकर यांनी, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. हैबतबाबा शिंद्यांच्या पदरी होते. त्यामुळे वारीला लष्करी शिस्त आली: दिंड्यांचे क्रम ठरले, तळ ठरले, पुढे घोडे आले. हे घोडे बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीच्या शितोळे सरकारांचे. आजही ते अंकलीहून पायी आळंदीला येतात. आणि एवढे सारे उभे करणाऱ्या हैबतबाबांनी आपल्यासाठी काय मागितले, तर महाद्वाराची एक पायरी. लोक तिच्यावर डोके ठेवून आत जातात. १९१७ साली विष्णुबुवा जोगांनी वारकरी शिक्षण संस्था इथेच काढली, आणि महाराष्ट्रभर कीर्तन करणाऱ्यांचे आळंदी हे शाळेचे गाव झाले. अलीकडे आणखी एका गोष्टीसाठी आळंदीचे नाव झाले आहे, ते म्हणजे लग्ने. कमी खर्चात, कमी माणसांत, कधी घरच्यांच्या संमतीशिवायही! पिंपरी-चिंचवडच्या कामगार वस्त्यांत ‘आळंदीला जाऊन आले’ या वाक्याचे दोन अर्थ होतात. चिरसमाधीच्या गावात एवढ्या मंगलाष्टका रोज होतात, हे मला तरी शुभच वाटते.

आता त्या पहिल्या वाटसरूकडे, लोणावळ्याच्या पाहुण्याकडे वळू. तोही आकाशातून पडलेला नाही. पुण्याहून खंडाळ्यापर्यंत आगगाडी आली १८५८ मध्ये आणि बोरघाट पार करून ती मुंबईला जोडली गेली १८६३ मध्ये. घाट चढणाऱ्या वाफेच्या इंजिनांना पाणी लागे, त्यासाठी रेल्वेने भुशीचे धरण बांधले. ज्या पायऱ्यांवर आज लोक भिजतात, त्या इंजिनांची तहान भागवायला बांधलेल्या धरणाच्या आहेत. पुढे १९१५ मध्ये टाटांचे खोपोलीचे वीजकेंद्र सुरू झाले. त्यासाठी वळवणला इंद्रायणीचे पाणी अडवले, नळांतून घाटाखाली सोडले आणि त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. तुळापूर, पंढरपूर करत बंगालच्या उपसागराकडे जाणारे पाणी घाटाखाली उतरून पाताळगंगेत मिसळू लागले आणि अरबी समुद्राला जाऊ लागले. यात मी कुणाला दोष देत नाही, त्या विजेने देश उभा राहिला. पण नदीच्या माथ्यावरचे पाणी शंभर वर्षांपूर्वीच दुसरीकडे वळले, हे आळंदीत बसून ‘पूर्वी पाणी किती असायचे’ म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पुरा झाला आणि मुंबईकराला लोणावळा दोन तासांवर आला. त्याच वर्षांत चाकणला मोटारींचे कारखाने उभे राहू लागले.

चाकणच्या हॉटेलांत उतरणारे परदेशी पाहुणे ‘इथे पाहण्यासारखे काय आहे’ असे विचारतात, आणि त्यांना हमखास उत्तर मिळते, ‘लोणावळा’. हॉटेलपासून थोड्या अंतरावर संग्रामदुर्ग आहे. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी मूठभर माणसांनिशी शाहिस्तेखानाची अफाट फौज या भुईकोटापुढे पन्नासहून अधिक दिवस अडवून धरली होती. पाहुण्याला ते कुणी सांगत नाही. सांगणाऱ्यालाच ठाऊक नसते.

निसर्ग आणि वारसा यांची सांगड कुठे घातली गेली आहे का, असे कुणी विचारील. चीनच्या फुजियान या किनारी प्रांताचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. तिथे वूयी नावाचा डोंगराळ मुलूख आहे आणि नऊ वळणे घेत जाणारा त्याचा एक ओढा. बांबूच्या तराफ्यावर बसून लोक त्या ओढ्यातून जातात. दोन्ही बाजूंच्या कड्यांवर शतकानुशतके येऊन गेलेल्या कवींनी, पंडितांनी अक्षरे कोरून ठेवली आहेत. बाराव्या शतकातला तत्त्वज्ञ चू शी याने या ओढ्याकाठी पाठशाळा चालवली. उतारांवर चहाचे मळे आहेत. युनेस्कोने १९९९ मध्ये वूयीला यादीत घेतले ते निसर्ग म्हणूनही आणि संस्कृती म्हणूनही, असे दोन्ही नात्यांनी. त्याच प्रांताच्या किनाऱ्यावर च्वानचौ हे बंदर आहे, मार्को पोलो ज्याला झैतून म्हणतो ते. तिथे १००९ साली उभारलेली मशीद आहे आणि तमिळ व्यापाऱ्यांनी १२८१ मध्ये कोरून घेतलेला, शिवमंदिराशी संबंधित तमिळ-चिनी लेखही मिळाला आहे. त्या वर्षी आपले ज्ञानदेव पाचसहा वर्षांचे असतील. च्वानचौ २०२१ मध्ये यादीत आले.

चीनचे सारे गोड आहे असे मी म्हणत नाही. गर्दी तिथेही मावत नाही, आणि हातात तिकीट ठेवल्याशिवाय डोंगर तुम्हाला जवळ येऊ देत नाही. मुद्दा एवढाच, की तराफ्यावर बसलेल्या माणसाला पाणी आणि अक्षरे एकाच वेळी दिसतात. पाणी घाण झाले तर अक्षरे वाचायला कुणी येणार नाही, हे तिथल्या तिकीट विकणाऱ्यालाही कळते. भारतात असे दोन्ही नात्यांनी यादीत गेलेले ठिकाण आजवर एकच, सिक्कीममधले कांचनजंगा, तेही २०१६ मध्ये. इंद्रायणीला युनेस्कोच्या यादीत घाला, अशी मागणी मी करत नाही. आपल्या मनातल्या यादीत आली तरी पुरे आहे.

कारण वाटणीचा परिणाम डोळ्यांसमोर आहे. गेल्या काही वर्षांत आळंदीच्या बंधाऱ्याखाली नदीवर पांढरा फेस तरंगताना साऱ्या महाराष्ट्राने पाहिला, कधी कार्तिकीच्या तोंडावर, कधी आषाढीच्या प्रस्थानाला. लांबून पाहणाऱ्याला बर्फ वाटावा असा. हा फेस येतो कुठून? शहरांचे आणि वस्त्यांचे सांडपाणी, त्यातला कपडे-भांड्यांचा साबण, त्यात कारखान्यांचे आणि भंगार धुणाऱ्या शेडांचे न शुद्ध केलेले पाणी. असे पाणी बंधाऱ्यावरून उंचावरून पडले की त्यात हवा घुसळली जाते आणि फेस धरतो. घरातल्या बादलीत जे होते, तेच मोठ्या प्रमाणावर. चिखली-कुदळवाडीतल्या भंगाराच्या हजारो शेड महापालिकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये पाडल्या. तेवढ्याने भागणारे नाही, कारण लोणावळ्यापासून खालची प्रत्येक वस्ती नदीत काही ना काही सोडते. आणि हे पाणी आळंदीत थांबत नाही. तुळापूरला ते भीमेत जाते, भीमेतून उजनीत आणि उजनीतून चंद्रभागेच्या वाळवंटात. माउलींची पालखी ज्या पंढरीला जाते, तिथेच पालखीमागोमाग हा फेसही विरघळून पोचतो. आळंदीला जे तीर्थ वारकरी हातात घ्यायला कचरला, ते त्याला पुढे पंढरपूरला भेटते.

वरच्या अंगाला दुसरी किंमत मोजावी लागली. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. १५ जून २०२५ च्या रविवारी इंदोरीजवळ कुंडमळ्याला नदीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीच्या भाराने कोसळला आणि चौघांचा जीव गेला. कुंडमळा म्हणजे नदीने हजारो वर्षांत खडकात कोरलेले रांजणखळगे, पाहण्यासारखी जागा. पण पूल पलीकडच्या लोकांच्या जाण्यायेण्यासाठी होता, शेकडो पर्यटकांनी उभे राहून फोटो काढण्यासाठी नव्हता. गावच्या माणसाला पाण्याचा स्वभाव ठाऊक असतो. पाहुण्याला तो सांगायला तिथे कुणी नसते, कारण आपण त्याला फक्त ‘पॉइंट’ दाखवतो.

एकदा मात्र ही वाटणी मोडली गेली होती. २००८ मध्ये भामचंद्र डोंगराच्या परिसरात, चाकणजवळच्या शिंदे-वासुलीला, डाऊ केमिकलचे संशोधन केंद्र उभे राहत होते. वारकरी विरोधात उतरले, बंडातात्या कराडकर पुढे होते. आंदोलनाला हिंसक वळणही लागले, ते मला पटले नाही. पण त्यांचे म्हणणे ऐकण्यासारखे होते: तुकोबांचा डोंगर आणि तुकोबांची गाथा वेगळी नाही, डोंगर बिघडला तर गाथाही बिघडते. अखेर तो प्रकल्प तिथून हलला. हाच न्याय वारकऱ्यांनी नदीला लावला तर? टाळ-मृदंगाची जी शिस्त हैबतबाबांनी लावून दिली आहे, तिच्या पाव हिस्सा जरी नदीच्या कामाला आली, तर कुठल्याही महापालिकेला ऐकावे लागेल.

आणि लोणावळ्याच्या पाहुण्याला माझे एक सुचवणे आहे. पाऊस ओसरल्यावर, मावळात भाताची कापणी चालू असताना, एक दिवस काढा. रविवार आणि एकादशी टाळा. सकाळी उन्हाआधी कार्ल्याच्या पायऱ्या चढा. एकवीरेपुढे कोळ्यांची गर्दी असेल, तिच्यातून वाट काढत लेण्यात जा आणि दारापाशी त्या गंधिकाचा लेख कुठे आहे, ते तिथल्या रखवालदाराला विचारा. मग कामशेतवरून खाली या. घोराडेश्वर चढवत असेल तर चढा, नाहीतर सरळ देहूला जा. तिथे डोहाकाठी थोडे बसा. पूर्वी या डोहातल्या मोठ्या माशांना कुणी हात लावत नसे. आळंदीत समाधीचे दर्शन झाल्यावर सिद्धबेटाकडे पायी जा. ऊन उतरताना तुळापूर गाठा. इथेच १६८९ मध्ये संभाजीमहाराजांचा अंत झाला आणि इथेच इंद्रायणी संपते. सकाळी कार्ल्याच्या पायथ्याशी जे पाणी पाहिले होते, ते इथे कसे दिसते, ते संगमाच्या काठावर उभे राहून पाहा.